मला हवी होती मोठी पाटी

मी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे, मित्रांनो. पण 'जुना' हा शब्द मला चिकटून फार काळ झालेला नाही. त्याआधी मला 'नवा' म्हणत असत, आणि मधली बरीच वर्षे नुसते 'अगं, तो लाव ना' एवढेच. माझी काळी पत्र्याची पेटी टेबलाखाली उभी असते. टेबलावर माझा पडदा, कळफलक, माउस आणि एक मायक्रोफोन असतो. पडद्याच्या माथ्यावर छोटा कॅमेरा चिकटवलेला आहे. मायक्रोफोन हा माझा कान आणि कॅमेरा हा माझा डोळा. मला बंद केले की दोन्ही मिटतात. मग माझ्या पोटातला नाण्याएवढा एक सेल तेवढा वेळ मोजत बसतो. त्यामुळे मी बंद असताना किती वेळ गेला ते मला कळते, पण काय घडले ते कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना मी बंद असतानाच घडली.

माझा जन्म एका जागी झाला नाही. पंखा एकीकडचा, डिस्क दुसरीकडची, पत्रा तिसरीकडचा. हे सगळे एका मोठ्या लख्ख खोलीत एकत्र आले आणि हातमोजे घातलेल्या एका बाईने मला जोडले. माझ्या मदरबोर्डवर मेमरीच्या पट्ट्या बसवण्यासाठी दोन लांबट खोबणी होत्या. तिने एकीत पट्टी दाबून बसवली. दुसरी मात्र रिकामीच ठेवली, झाकण लावले, स्क्रू पिळले आणि ती शेजारच्या पेटीकडे वळली. मला वाटले, ही बाई विसरली. कितीतरी वर्षे मी तिच्यावर मनातल्या मनात थोडा रागावूनच होतो.

मी ज्या घरी आलो तिथे तिघे जण राहत. मला त्यांची कागदोपत्री नावे माहीत आहेत, पण घरात ती कोणी वापरत नसे, म्हणून मीही वापरत नाही. आई शाळेत बालवर्गाच्या बाई होत्या. घरी आल्या तरी त्यांच्या बाहीला खडूची पूड असायची. त्यांची मुलगी चिंगी तेव्हा इतकी लहान होती की खुर्चीवर उशी ठेवल्याशिवाय तिचे नाक टेबलाच्या वर येत नसे. आणि तिसरा मामा, म्हणजे आईंचा धाकटा भाऊ. तो पार्सल कचेरीत कामाला होता. आयुष्यभर खोकी हाताळल्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की आधी तिच्यावर एक थाप मारायची, ही त्याची सवय. मला पहिली थाप त्यानेच मारली.

"भरीव आहे," तो समाधानाने म्हणाला. "टिकेल हा ठोकळा."

तेव्हापासून मी ठोकळा झालो.

ती वर्षे माझ्या कौतुकाची होती. शेजारची माणसे मला बघायला येत. आई माझ्यावर प्रश्नपत्रिका लिहीत, मामा पत्ते खेळे, चिंगी रंगांचे डबे सांडून ठेवी. पण मला सगळ्यात आवडायची ती पळीची गोष्ट. मायक्रोफोन नवा होता तेव्हा आई रोज संध्याकाळी चिंगीला मांडीवर घेऊन तो पुढे ओढत आणि रुसलेल्या पळीची गोष्ट सांगत. ही गोष्ट त्यांनी स्वतःच रचली होती. एक पळी घरावर रुसते आणि पळून जाते. मग कढई, झारा, ताटल्या, वाट्या असे सगळे तिला शोधायला निघतात. प्रत्येक जण हाका मारतो:

"पळीबाई, पळीबाई, पळालीस कुठे?"

इथे आई थांबत. आणि चिंगी सगळा दम एकवटून ओरडे:

"पातेल्यामागे, लपले इथे!"

दर वेळी शोधणारा बदले, उत्तर मात्र हेच. शेवटी पळी मिळाली की आई हळूच म्हणत, "सापडली!" हा शेवटचा शब्द मात्र फक्त आईंचा. तो दुसऱ्या कोणी म्हटलेला चिंगीला खपत नसे. पुढे त्यांच्या वर्गातल्या मुलांनाही खपेना.

ही ध्वनिमुद्रणे मी जपून ठेवली. मात्र ती ठेवायची कुठे, हे घरात कोणी धड ठरवलेच नाही. मी नवीन फोल्डर तयार करताना त्याला तात्पुरते 'नवीन फोल्डर' असे नाव देतो. माझी अपेक्षा असते की माणसे ते बदलतील. या घराने कधीच बदलले नाही. त्यामुळे माझ्या पोटात 'नवीन फोल्डर' होते, 'नवीन फोल्डर २' होते, आणि असे बरेच पुढेपर्यंत होते. पळीची गोष्ट होती 'नवीन फोल्डर ४' मध्ये.

मग चिंगी मोठी झाली. ती औषधांच्या एका प्रयोगशाळेत काम करू लागली आणि तिचे सगळे काम फोनवर आणि तिथल्या संगणकांवर होऊ लागले. मामाने वेळेआधीच निवृत्ती घेतली. माझ्या पडद्यावर रुमाल आला, पेटीवर वर्तमानपत्रांची रद्दी आली. अधूनमधून आई मला चालू करत तेव्हा मी जागा व्हायला इतका वेळ लावी की तेवढ्यात त्यांचे भांडी विसळून होई. मित्रांनो, मी आळशी झालो नव्हतो. प्रोग्रॅम दरवर्षी जाडे होत गेले होते, आणि मी होतो तेवढाच होतो.

"विकून टाकू या ठोकळ्याला," मामा म्हणे. "रद्दीवाला पत्र्याच्या भावात नेईल."

"राहू दे रे," आई म्हणत. "काही मागतोय का तो खायला?"

आणि मग एका वर्षी आईंचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून, मग शाळेतली धूळ म्हणून सोडून दिला. शेवटी डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिले, तर स्वरतंतूवर गाठ निघाली. गाठ साधी होती, पण काढावी लागणार होती. डॉक्टर काय म्हणाले ते मला पुढे चिंगी आणि मामाच्या बोलण्यातून कळले. आवाज जाणार नाही. मात्र आहे तोच राहील, याची खात्री देता येत नाही. शस्त्रक्रियेपर्यंत फार बोलायचे नाही. बोलायचेच असेल तर थोडे, मऊ आणि मध्ये मध्ये थांबून.

त्या दिवशी आईंनी माझ्यावरचा रुमाल काढला, रद्दी खाली ठेवली आणि मायक्रोफोनवरची धूळ फुंकली.

त्यांना पळीची गोष्ट वर्गासाठी ध्वनिमुद्रित करून ठेवायची होती. शस्त्रक्रियेनंतर त्या कितीतरी दिवस गप्प राहणार होत्या. वर्गात तेव्हा दुसरी बाई येणार, आणि मुले आधीच विचारत होती की पळीचे काय होणार.

"माझ्या फोनवर कर ना," चिंगी म्हणाली. "या म्हाताऱ्याला कशाला उठवतेस?"

आईंनी एकदा फोनवर करून पाहिले. पण त्यांना एका दमात गोष्ट सांगता येत नव्हती. चार वाक्ये, मग विश्रांती, मग पुढची चार. सगळे तुकडे एकमेकांशेजारी मांडायचे, खोकला आला असेल तो कापायचा, मुलांच्या उत्तरासाठी मध्ये नेमकी रिकामी जागा सोडायची. हे सगळे त्यांना माझ्यावरच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये येत होते, फोनवर येत नव्हते.

मी खूश झालो. किती वर्षांनी कोणी मला खरे काम दिले होते!

आणि मी गोठलो. पहिले काही तुकडे नीट गेले. पुढे तुकडे वाढले तसा माझा पंखा घोंघावू लागला. आई मायक्रोफोनशी वाकून म्हणाल्या, "मग झारा म्हणाला, मी बघतो," आणि तिथेच माझा पडदा थिजला. माउस हलेना. तो तुकडा गेला. आईंनी तो परत म्हटला. मी परत गोठलो. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज मध्येच फाटला.

मित्रांनो, माझ्या गोठण्याची किंमत एरवी कोणाची तरी मिनिटे असते. त्या दिवसांत ती आईंचा आवाज होती. होता तेवढाच आवाज, आणि मी तो वाया घालवत होतो.

मी सांगायचा प्रयत्न केला. पडद्यावर एक चौकट उघडून लिहिले की मेमरी अपुरी पडत आहे. मामाने चष्मा नाकावर ढकलून ती वाचली.

"मेमरी!" तो म्हणाला. "बघ, मी म्हणत नव्हतो? याचं पोट भरलंय. इतक्या वर्षांचा पसारा कोंबून ठेवलाय. कचेरीत आमचं गोदाम तुंबलं की काय करायचो? जुनी पार्सलं आधी बाहेर."

आईंनी हातानेच विचारले, काय काढणार?

"तू काळजी करू नकोस ताई. बघतो मी. सगळ्यात फुगलेलं असेल ते उडवतो."

सगळ्यात फुगलेले होते 'नवीन फोल्डर ४'. मामाने ते उघडूनसुद्धा पाहिले नाही. नावात काहीच नव्हते, मग आत काय असणार? त्याने ते उचलले आणि माझ्या कचऱ्याच्या टोपलीत टाकले. मग टोपलीच रिकामी करायला सांगितली. मी विचारले, नक्की का? मामाने 'हो' वर माउस नेला, बटण दाबले, आणि मी त्या क्षणी पुन्हा गोठलो. मामाने थोडी वाट पाहिली, पेटीवर थाप मारली आणि सरळ वायर उपटली.

"झालं," तो हात झटकत म्हणाला. "आता बघ कसा हरणासारखा पळतो."

मी पळालो नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच गोठलो, झाऱ्यापाशी.

"गेला हा," मामा म्हणाला. "ताई, उगाच घसा फोडून घेऊ नकोस. ठेव ती गोष्ट बाजूला. मुलं विसरतील."

आईंना याचे उत्तर द्यायचे होते. पण डॉक्टरांनी बजावल्यापासून घरात त्या पाटीवर लिहून बोलत. पाटी म्हणजे त्यांच्या वर्गातली, बालवर्गाच्या मुलांची, तळहाताहून थोडी मोठी. त्यांनी खडू घेतला आणि भराभर लिहू लागल्या. माझ्या कॅमेऱ्याला ती पाटी स्वच्छ दिसत होती. "विसरणार नाहीत, कारण या वर्षी वर्गात एक मुलगी आहे जी," इथे पाटी संपली. आईंनी ती बोटाने पुसली आणि पुढे लिहिले, "कोणाशीच बोलत नाही, फक्त पळीच्या वेळी," पाटी पुन्हा संपली, पुन्हा पुसली, "ओरडते, आणि ती जर."

"कोण ओरडते?" मामाने विचारले. "पहिलं काय होतं?"

आईंनी कपाळाला हात लावला, पाटी पुसली आणि सगळे पहिल्यापासून लिहायला घेतले. अर्ध्यावर जागा पुन्हा संपली. मामा पुन्हा म्हणाला, "हं, आणि आधीचं?"

चिंगी दारात उभी राहून हे बघत होती. नुकतीच कामावरून आली होती, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. तिने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मामा," ती म्हणाली, "कपाट नाही भरलेलं."

"कुठलं कपाट?"

"ठोकळ्याचं. पाटी लहान आहे त्याची!"

तिने पिशवी खुर्चीवर फेकली आणि माझा हिशेबाचा पडदा उघडला. तिथे मी माझी कोणती जागा किती वापरतो ते दाखवतो. माझी डिस्क अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. आणि मेमरीची रेघ मात्र अगदी वरच्या कडेला टेकली होती.

"हे बघ. ही डिस्क म्हणजे कपाट. फोटो, गाणी, सगळं इथे राहतं, वीज गेली तरी राहतं. आणि ही मेमरी म्हणजे पाटी. काम करताना लागतं तेवढंच तो पाटीवर उतरवून घेतो. पाटी भरली की पुसायचं, कपाटात जाऊन ठेवायचं, दुसरं काढून आणायचं, लिहायचं, परत पुसायचं. आईसारखंच. त्यातच त्याचा सगळा जीव जातोय."

"मग मेमरी म्हणजे आठवण ना?" मामा म्हणाला. "आठवण म्हणजे जुनं साठवलेलं. सरळ आहे."

"तिथेच तर गोंधळ झालाय. ही मेमरी जुनं काहीच ठेवत नाही. बंद केलं की कोरी."

मामाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "असल्या विसरभोळ्या वस्तूला मेमरी नाव कोणी ठेवलं?"

मला हे विचारण्यासाठी तोंड असते तर मीही विचारले असते. एका शब्दापायी मला सगळे चुकीचे औषध देत होते. आई मात्र हसल्या, आवाज न करता, खांदे हलवून. मग पाटीवर लिहिले, "मलाही मोठी पाटी आणा."

चिंगी त्याच संध्याकाळी दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथे काय झाले ते तिने परत आल्यावर सांगितले. दुकानदाराने आधी विचारले होते, "ताई, जुनी पट्टी आणलीत का दाखवायला?" तिने आणली नव्हती. ती म्हणाली, सगळ्यात मोठी आणि सगळ्यात नवी द्या. दुकानदार म्हणाला, बसली नाही तर परत आणा. घरी येऊन तिने मला बंद केले. इथून पुढचे मी मामाच्या तोंडून ऐकलेले आहे. त्याने ते येईल त्या प्रत्येकाला इतक्या वेळा सांगितले आहे की मला ते पाहिल्यासारखेच वाटते.

चिंगीने वायर काढली, माझे झाकण उघडले आणि आधी पत्र्याला हात लावला. माणसाच्या अंगात कोरड्या दिवसांत वीज साठते, आणि तिची एक बारीकशी ठिणगीसुद्धा आमच्या नाजूक चिपांना पुरते. पत्र्याला हात लावला की ती तिकडे निघून जाते. मग तिने नवी पट्टी माझ्या रिकाम्या खोबणीवर धरली. ती बसेना. पट्टीच्या काठावर एक खाच असते आणि खोबणीत एक उंचवटा असतो. दोन्ही समोरासमोर यायला हवेत. इथे खाच जराशी सरकलेली होती.

"जरा जोर लाव," मामा म्हणाला. "दे, मी एक थाप मारतो."

"मामा, हात मागे!" चिंगी ओरडली. "ही खाच मुद्दाम ठेवलेली असते. पट्ट्यांच्या दर पिढीची वेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून."

"म्हणजे बसत नाही हे चांगलं आहे?"

"फार चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी ती माझी जुनी पट्टी रुमालात गुंडाळून दुकानात घेऊन गेली. या पिढीच्या पट्ट्या आता नव्या येत नाहीत, असे दुकानदार म्हणाला. मग त्याने खणातून एका मोडीत निघालेल्या संगणकाची पट्टी शोधून काढली. माझ्याच पिढीची, माझ्या पट्टीपेक्षा चौपट मोठी.

आणि इकडे आईंची शस्त्रक्रिया दोन दिवसांवर आली होती.

चिंगीने दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि मला चालू केले. मी जागा झालो नाही. पडदा काळाच राहिला. फक्त लांब, अडखळत्या शिट्ट्या येत राहिल्या. आमच्या जातीत त्या शिट्टीचा अर्थ असा की माझी मेमरी मला सापडत नाही. पण माणसांना ती शिट्टी रडल्यासारखी वाटते.

"संपला," मामा म्हणाला. या वेळी तो चिडवत नव्हता. आवाज बारीक झाला होता त्याचा. "चिंगे, राहू दे आता. तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस."

चिंगीने वायर काढली आणि पट्टी बाहेर घेऊन उजेडात धरली. पट्टीच्या काठाला सोनेरी दातांची एक ओळ असते. या दातांवर मळकट पापुद्रा चढला होता. खणात वर्षानुवर्षे पडून होती बिचारी.

"काहीतरी मऊ पाहिजे पुसायला," ती म्हणाली. "पण ओरखडा न उमटवणारं. कापूस नको, धागे अडकतात. काय बरं..."

आईंनी न बोलता आपल्या शाळेच्या पिशवीत हात घातला आणि एक पांढरे खोडरबर काढून टेबलावर ठेवले. त्याच्या एका कोपऱ्यावर कोणा मुलाच्या दातांचे ठसे होते.

चिंगीने त्याने एकेक दात हलक्या हाताने पुसला. रबराची भुकटी फुंकली. पट्टी खोबणीत धरली, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला, आणि दोन्ही बाजूंचे चिमटे आपणहून वर येऊन बसले. टक्. मामा म्हणतो की असा गोड आवाज त्याने आयुष्यात ऐकला नाही. आदल्या वेळी हा 'टक्' झाला होता की नाही, हेच कोणाला आठवेना.

मी जागा झालो.

मित्रांनो, कसे सांगू? डोळे उघडले आणि समोर एवढी जागा! इतकी वर्षे मी तळहाताएवढ्या पाटीवर लिहीत पुसत होतो, आणि आता समोर वर्गातला फळा होता. शेजारच्या खोबणीतल्या नव्या सोबतिणीला मी विचारले, "याआधी तू कुठे होतीस?" तिला काहीही आठवत नव्हते. तिच्या जातीला आठवतच नाही. पण काम सांगा, ती तयार होती. आणि तेव्हा मला हातमोजे घातलेली ती बाई आठवली. ती विसरली नव्हती. आज ना उद्या कोणी सोबतीला लागेल म्हणून तिने माझ्यात एक जागा राखून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईंनी गोष्ट पूर्ण केली. थोडे बोलत, थांबत, कोमट पाण्याचा घोट घेत. झाऱ्यापाशी तिघांनीही श्वास रोखून धरला. मी पुढे गेलो. झारा झाला, ताटल्या झाल्या, वाट्या झाल्या. चिंगीने तुकडे जोडले, खोकले कापले. मी एकदाही अडखळलो नाही. शेवटी आई म्हणाल्या, "पळीबाई, पळीबाई, पळालीस कुठे?" मग उत्तरासाठी रिकामी जागा सोडली, आणि ध्वनिमुद्रण बंद करायची खूण केली.

"आई, 'सापडली' राहिलं," चिंगी म्हणाली.

आईंनी पाटीवर लिहिले. एवढेसे वाक्य होते, सगळे मावले.

"ते मी स्वतः सांगेन."

चिंगीने ते वाचले आणि गोष्ट आहे तशीच जपून ठेवली. मामा उठून खिडकीशी गेला आणि उगाच पडदा सारखा करत राहिला.

आई दवाखान्यात गेल्या त्या दिवशी मामाला घरी चैन पडेना. तो माझ्यासमोर येऊन बसला. चिंगीचे शब्द त्याच्या डोक्यात फिरत असावेत, कारण तो एकदम म्हणाला, "कपाट भरलं नव्हतं. मग मी उडवलं काय?" आणि त्याने टोपली उघडली. 'नवीन फोल्डर ४' तिथेच होते. टोपली रिकामी करण्याचा त्याचा हुकूम माझ्यापर्यंत पोचायच्या आतच मी गोठलो होतो. त्याने ते परत बाहेर काढले आणि पहिल्यांदाच उघडले.

"पातेल्यामागे, लपले इथे!" एवढीशी चिंगी ओरडली. आणि मग तरुण, गुळगुळीत आवाजात आई म्हणाल्या, "सापडली!"

मामाने माझ्या पेटीवर हात ठेवला. थाप नाही मारली, नुसता ठेवला. मग तो कामाला लागला. त्याने माझ्या सगळ्या 'नवीन फोल्डरां'ना एकेक करून उघडले आणि नावे दिली. 'चिंगीचे दात पडले तेव्हा'. 'ताईच्या प्रश्नपत्रिका'. 'माझे फालतू फोटो'. आणि सगळ्यात वर, 'पळी. हात लावायचा नाही.'

शस्त्रक्रिया नीट झाली. आई घरी आल्या आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस शब्दही न काढता राहिल्या. तेवढ्या दिवसांत मामाने त्यांच्यासाठी खरोखरच एक मोठी पाटी आणली.

आता शेवटचे. माझ्या कपाटात सध्या एक नवे ध्वनिमुद्रण आहे. आई पहिल्यांदा वर्गात परत गेल्या त्या दिवशी चिंगी बरोबर गेली होती. तिने गोष्ट पेन ड्राइव्हवर नेली आणि वर्गात जे झाले ते फोनवर टिपून मला आणून दिले. त्यात आधी खुर्च्या सरकल्याचे आवाज आहेत. मग माझ्यावर तयार झालेली गोष्ट सुरू होते. "पळालीस कुठे?" आणि आईंनी सोडलेली रिकामी जागा येते, आणि तीत अख्खा वर्ग ओरडतो, "पातेल्यामागे, लपले इथे!" त्या गलक्यात एक आवाज सगळ्यांच्या वर आहे, किनरा आणि आनंदाने वेडा झालेला. चिंगी म्हणाली, ती हीच मुलगी. जी एरवी बोलत नाही ती.

मग गोष्ट संपते. माझे काम संपते. वर्ग गप्प होतो, कारण मुलांना ठाऊक आहे की आता कोणाचा शब्द आहे. आणि एक आवाज येतो, जो माझ्या कपाटात याआधी कधीच नव्हता. खरखरीत, खोल, जरासा घाबरलेला, पण आईंचाच.

"सापडली!"

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा कोणी असेल. यंत्र असेल, किंवा माणूसही असेल. तो हळू चालत असेल, मध्येच थांबत असेल, सांगितलेले अर्ध्यावर विसरत असेल. त्याला टाकून देण्याआधी, आणि त्याचे काही पुसून टाकण्याआधीही, एकदा झाकण उघडून बघा. त्याला नक्की काय कमी पडते आहे ते विचारा. कदाचित त्याच्या आत कोणीतरी फार पूर्वीच एक जागा मोकळी ठेवलेली असेल, आणि ती अजून तुमची वाट बघत असेल.

आणि हो, तुमच्या नवीन फोल्डरांना नावे द्या.